एसा ग्रे : दोन खंडांतील झाडांचे नाते उलगडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

मेपल हे झाड मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा कॅनडाच्या ध्वजावरील तांबड्या पानामुळे, नाहीतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांनी ऑक्टोबर महिन्यात पाठविलेल्या छायाचित्रांमुळे. त्या दिवसांत न्यू इंग्लंडमधील डोंगर तांबड्या, नारिंगी आणि पिवळ्या रंगांनी पेटून उठल्यासारखे दिसतात. शरद ऋतूत जपानच्या डोंगरांवरही मेपलची पाने अशीच रंगतात आणि ती पाहण्यासाठी लोक मुद्दाम प्रवास करतात. या दोन प्रदेशांच्या मध्ये अथांग प्रशांत महासागर पसरलेला आहे. नवल असे, की जपानी वनस्पतींशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वनस्पतींचे जितके साम्य आहे, त्याहून अधिक साम्य पूर्वेकडील, म्हणजे जपानपासून अधिक दूर असलेल्या प्रदेशातील वनस्पतींचे आहे. शेजारी परका आणि दूरचा मात्र सख्खा, असा हा उलटा प्रकार होता. या कोड्याची रीतसर मोजदाद करून त्याचे उत्तर ज्याने १८५९ साली मांडले, तो शास्त्रज्ञ म्हणजे एसा ग्रे.

ग्रे यांचे नाव आज घेतले जाते ते प्रामुख्याने चार्ल्स डार्विनचा अमेरिकेतील मित्र आणि पाठीराखा म्हणून. ही ओळख खोटी नाही. परंतु अपुरी निश्चित आहे. डार्विनचा ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वी काही महिने ग्रे यांनी केवळ वाळलेल्या पानाफुलांच्या आधारे जो निष्कर्ष काढला होता, तो स्वतंत्रपणे मोलाचा होता आणि त्यासाठी त्यांना आपल्याच विद्यापीठातील सर्वांत लोकप्रिय प्राध्यापकाशी उघड सामना करावा लागला होता.

एसा ग्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूयॉर्क राज्यातील सॉक्वॉइट या लहानशा खेड्यात झाला. वडील मोझेस ग्रे यांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. आठ भावंडांत एसा थोरले. कातडी कमावण्यासाठी झाडांची साल दळावी लागे. त्या घोड्याच्या चक्कीत साल टाकणे आणि घोडा हाकणे हे या मुलाचे बालपणीचे काम. झाडाशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, दळून भुगा होणाऱ्या सालीच्या रूपाने. मुलाला वाचनाची ओढ आहे हे वडिलांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याला शेतीत न अडकवता फेअरफिल्ड येथील वैद्यकीय विद्यालयात पाठविले. तेथे असताना १८२७-२८ च्या हिवाळ्यात एका ज्ञानकोशातील वनस्पतिशास्त्रावरील लेख त्यांच्या वाचनात आला. लेखाने ते इतके भारावून गेले, की त्यांनी झाडे ओळखण्याचे एक पुस्तक विकत घेतले आणि बर्फ वितळून पहिले फूल उमलण्याची वाट पाहत बसले. वसंतात ते फूल मिळाले. क्लेटोनिया नावाची ती साधी रानवनस्पती. पुस्तकाच्या साहाय्याने तिचे नाव त्यांनी शोधून काढले आणि पुढची साठ वर्षे हेच काम करीत राहिले.

१८३१ मध्ये ते डॉक्टर झाले खरे. पण वैद्यकीच्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. गोळा केलेल्या वनस्पतींचे नमुने त्यांनी न्यूयॉर्कमधील जॉन टॉरी यांच्याकडे पाठविले होते. टॉरी हे तेव्हाचे अमेरिकेतील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ. पोटासाठी मात्र रसायनशास्त्र शिकवीत. त्या काळी अमेरिकेत केवळ वनस्पतिशास्त्रावर पोट भरणे जवळपास अशक्यच होते. टॉरींनी या तरुणाला हाताशी घेतले, घरी आश्रय दिला आणि पुढे उत्तर अमेरिकेच्या समग्र वनस्पतींच्या ग्रंथात सहलेखक करून घेतले. १८३६ साली ग्रे यांची सरकारी सागरी शोधमोहिमेवर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. मोहीम मात्र काही केल्या निघेना. दोन वर्षे वाट पाहून त्यांनी राजीनामा दिला आणि नव्याने उभ्या राहत असलेल्या मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापकपद स्वीकारले. तेथे अद्याप इमारतीच तयार नव्हत्या. तेव्हा विद्यापीठाने त्यांना ग्रंथालयासाठी पुस्तके खरेदी करण्यास पाच हजार डॉलर देऊन युरोपला धाडले. मिशिगनमध्ये त्यांनी एकही तास घेतला नाही; परंतु त्या विद्यापीठाचे ग्रंथालय उभे राहिले ते या खरेदीतून.

युरोपचा हा प्रवास त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. अमेरिकेतून पूर्वी नेलेल्या वनस्पतींचे मूळ नमुने लंडन, पॅरिस येथील संग्रहांत होते. कोणत्या नावाखाली नेमकी कोणती वनस्पती अभिप्रेत आहे, हे त्यांवाचून ठरविता येत नसे. ग्रे संग्रहामागून संग्रह पाहत गेले. याच प्रवासात जोसेफ हूकर या तरुणाशी त्यांची गाठ पडली आणि डार्विनचीही ओझरती भेट झाली. १८३९ साली पॅरिसमध्ये आंद्रे मिशो यांचा संग्रह चाळताना एका कागदावर त्यांना एक निनावी वनस्पती आढळली. चार पाने आणि एक फळ, फूल नाहीच. कॅरोलायनाच्या उंच पर्वतांतून आणलेली, एवढीच काय ती नोंद. मिशोंनी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस गोळा केली होती. ग्रे यांनी तिला पुढे १८४२ मध्ये शॉर्टिया हे नाव दिले आणि ती जिवंत पाहण्याचा ध्यास घेतला. १८४१ आणि १८४३ मध्ये त्यांनी कॅरोलायनाचे डोंगर पालथे घातले. शॉर्टिया काही सापडली नाही. त्यांचे सहकारी या वेडाची थट्टा करीत, इतकी ती वनस्पती बेपत्ता होती.

१८४२ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना निसर्गेतिहासाचे प्राध्यापकपद दिले. केंब्रिज गावातील वनस्पती उद्यान आणि त्यातील घर हेच मग अखेरपर्यंत त्यांचे विश्व झाले. १८४८ मध्ये जेन लोरिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी उत्तरेकडील राज्यांच्या वनस्पतींची ओळख करून देणारी त्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. त्यांच्या हयातीत तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि नंतरच्या संपादकांनी ती विसाव्या शतकातही चालू ठेवली. शाळकरी मुलांसाठीही त्यांनी पुस्तके लिहिली. देशभरातील सैनिक, मिशनरी, सर्वेक्षक, शाळामास्तर असे नाना प्रकारचे लोक त्यांच्याकडे वाळलेल्या वनस्पतींची गाठोडी पाठवीत आणि ग्रे प्रत्येकाला उत्तर देत. या पत्रव्यवहारातूनच त्यांचा अवाढव्य संग्रह उभा राहिला.

या कामातील खरी अडचण सर्वसामान्य वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. नाव देणे सोपे. पण दोन झाडे एकाच जातीची की वेगवेगळ्या, हे कशावरून ठरवायचे? काश्मीरला जाऊन आलेले अनेक मराठी प्रवासी चिनारचे पान वहीत जपून आणतात आणि त्याला मेपल म्हणतात. पान तसे दिसतेही. पण चिनार हे सर्वस्वी वेगळ्या कुळातील झाड आहे. मेपलचे गोत्र आजच्या वर्गीकरणानुसार आपल्या रिठ्याशी आणि लिचीशी जुळते. सारखेपणा असा फसवा असू शकतो. उलट बाजूने, एकाच जातीच्या झाडांची पानेही जमीन, ऊन आणि वय यांनुसार बदलतात. मेपल तर या बाबतीत मोठे खट्याळ झाड. ज्याच्या रसापासून साखर आणि पाक करतात त्या शुगर मेपलच्या जवळपासच ब्लॅक मेपल उगवतो. त्याची पाने थोडी लोंबती, खालून लवदार, सालीचा रंग गडद. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्याला वेगळी जात मानले होते. टॉरी आणि ग्रे यांनी त्याला शुगर मेपलचाच एक प्रकार ठरविले, कारण दोहोंच्या मधल्या पायऱ्या त्यांना दिसत होत्या. ग्रे यांची जातीची कल्पना स्पष्ट होती. एका जातीची सर्व झाडे, ती कोठेही असोत, एकाच मूळ वंशाची संतती होत. जात म्हणजे नाते, केवळ साम्य नव्हे. ही व्याख्या निरुपद्रवी वाटते. पुढील वादाची ठिणगी मात्र तिच्यातच होती.

जपान तोवर पाश्चात्त्यांना बंद होता. झीबोल्डसारख्या मोजक्याच अभ्यासकांनी तेथील वनस्पतींचे वर्णन केले होते आणि ते वाचूनच १८४० च्या दशकात ग्रे यांना पूर्व अमेरिकेशी असलेले साम्य खटकले होते. कमोडोर पेरी यांचा आरमारी ताफा १८५३-५४ मध्ये जपानला गेला. त्यासोबतच्या वेल्स विल्यम्स आणि जेम्स मॉरो यांनी वनस्पती गोळा केल्या. त्यापाठोपाठ गेलेल्या दुसऱ्या अमेरिकी मोहिमेत चार्ल्स राइट हा कसलेला संग्राहक होता. त्याने जपानमधून मोठाच साठा आणला. ही सारी गाठोडी केंब्रिजच्या त्या घरात उघडली गेली.

एव्हाना डार्विनशी पत्रव्यवहार सुरू झाला होता. हूकर हा दोघांचाही मित्र. एप्रिल १८५५ मध्ये डार्विनने ग्रे यांना पहिले पत्र लिहून अमेरिकेतील उंच पर्वतांवरील वनस्पतींची माहिती विचारली. ग्रे यांनी ती नुसती दिली नाही, तर त्या निमित्ताने आपल्या प्रदेशातील वनस्पतींची संख्याशास्त्रीय तपासणीच केली. हा माणूस अचूक आणि सचोटीचा आहे, हे डार्विनने ओळखले. ५ सप्टेंबर १८५७ रोजी त्याने ग्रे यांना नैसर्गिक निवडीच्या आपल्या सिद्धान्ताचा आराखडा लिहून पाठविला आणि तो गुप्त ठेवण्याची विनंती केली. पुढे वॉलेसचा निबंध आल्यावर १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत जे कागद वाचले गेले, त्यांत या पत्रातील उताराही होता. डार्विनचे विचार वॉलेसच्या आधीचे होते याचा तो दिनांकासह पुरावा ठरला. एका अर्थी विज्ञानाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा दस्तऐवज ग्रे यांच्या नावे लिहिला गेला होता.

राइटच्या जपानी वनस्पतींवर काम करताना ग्रे यांच्या हाती आता एक नवा विचार होता. त्यांनी सुमारे ५८० जपानी नोंदींची तक्ता मांडून तुलना केली. यांपैकी जवळपास ६१ टक्के वनस्पतींची जोडीदार किंवा तीच वनस्पती पूर्व अमेरिकेत सापडत होती. युरोपात हेच प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास आणि पश्चिम अमेरिकेत अवघे ३७ टक्के. आकड्यांनी कोडे पक्के केले.

मेपलच्या कुळात हे फार सुरेख दिसते. अमेरिकेच्या ईशान्येकडील जंगलांत स्ट्राइप्ड मेपल नावाचे लहानसे झाड आहे. त्याच्या हिरव्या सालीवर पांढरे उभे पट्टे असतात. अशा पट्ट्यांच्या सालीचे मेपल जगात आणखी कोठे आहेत? चीन, जपान, हिमालय अशा आशियाई प्रदेशांतच. या साऱ्या गटातील अमेरिकेत राहिलेला हा एकमेव प्रतिनिधी. अमेरिकेतील बॉक्स एल्डर या संयुक्त पानांच्या मेपलची जवळची नातलग झीबोल्ड यांनी जपानमधून नोंदविली होती. आणि शरदात लालभडक होणारा जो रेड मेपल, त्याची अगदी जवळची भावकी जपानमधील मध्य होन्शूच्या पाणथळ जागी तग धरून आहे. पाने शेजारी ठेवली तर निष्णात माणूसही क्षणभर थबकेल. या जपानी झाडाचे शास्त्रीय वर्णन मात्र १८६४ मध्ये, म्हणजे ग्रे यांच्या निबंधानंतर पाच वर्षांनी झाले. जणू त्यांच्या तक्त्यातील एक रिकामी जागा मागाहून भरली गेली.

ग्रे यांचे उत्तर असे होते. हिमयुगापूर्वी उत्तरेकडील हवामान उबदार होते आणि या वनस्पतींचे पूर्वज आर्क्टिक प्रदेशालगत, आशिया आणि अमेरिका जेथे जवळ येतात त्या पट्ट्यात, सलग पसरलेले होते. हिम सरकत आले तसे ते दक्षिणेकडे ढकलले गेले, दोन्ही खंडांत विभागले गेले आणि हवामान अनुकूल होते तेथेच टिकले. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका यांचे हवामान त्यांना मानवले. आजच्या जोड्या म्हणजे एकाच पूर्वजाची फार पूर्वी ताटातूट झालेली संतती होय. काही जोड्यांत फरक पडलाच नाही, काहींत थोडा पडला, तर काहींत इतका पडला की त्या वेगळ्या जाती झाल्या. जातीचा जन्म काळाच्या ओघात, अंतरामुळे होतो, हे येथे वाळलेल्या पानांनी सांगितले होते.

जानेवारी १८५९ मध्ये बॉस्टन येथील अमेरिकन अॅकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेपुढे त्यांनी हे मांडले. समोर लुई अगासी बसले होते. स्वित्झर्लंडहून आलेले हे प्राध्यापक म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत विज्ञानाचा चेहराच. त्यांच्या व्याख्यानांना सभागृहे तुडुंब भरत. अगासींचे मत असे, की प्रत्येक जात ईश्वराने ती आज जेथे आहे तेथेच, आहे त्या संख्येने निर्माण केली. जपानचा मेपल जपानमध्ये, अमेरिकेचा अमेरिकेत. नात्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यातील गंमत अशी, की हिमयुगाची कल्पना जगापुढे ठासून मांडणारे अगासीच होते. हिमाने सारी सृष्टी पुसली आणि ईश्वराने नवी घडविली, असे ते समजत. ग्रे यांनी त्यांचेच हिमयुग घेऊन त्यांच्याच सिद्धान्ताला सुरुंग लावला. त्यानंतरच्या महिन्यांत अॅकॅडमीत या विषयावर लागोपाठ चर्चा झडल्या. अगासी वक्ते म्हणून केव्हाही सरस. पण ग्रे यांच्याकडे तक्ते होते. मे महिन्यात केंब्रिजमधील मित्रमंडळींच्या एका विज्ञान-मंडळात ग्रे यांनी डार्विनच्या सिद्धान्ताची रूपरेषाही सांगून टाकली.

हा वाद झाडांपुरता नव्हता, हे दोघांनाही कळत होते. अगासी मनुष्याच्या विविध वंशांनाही हाच न्याय लावीत. गोरे, काळे, पिवळे हे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निर्माण झाले, असे ते १८५० पासून जाहीरपणे सांगत होते. गुलामगिरीच्या समर्थकांना ते सोयीचे वाटले नसते तरच नवल. दक्षिणेतील राज्ये आणि उत्तरेतील राज्ये यांच्यातील यादवी दोन वर्षांवर आली होती. अशा वेळी समान वंशाचे सारे जीव एका पूर्वजाची लेकरे होत, असे म्हणणारा वनस्पतिशास्त्रज्ञ केवळ पानांविषयी बोलत नव्हता. ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होते. सर्व मानवांचे मूळ एक, ही त्यांच्या धर्माचीही शिकवण होती. पुढे युद्ध सुरू झाल्यावर पन्नाशी उलटलेले हे प्राध्यापक केंब्रिजमधील शस्त्रागाराच्या रखवालीसाठी नागरिकांच्या तुकडीत दाखल झाले, आणि ब्रिटनच्या भूमिकेवरून डार्विनशीही पत्रांतून तणातणी झाली.

ग्रे यांचे उत्तर कालांतराने कितपत टिकले? मूळ गाभा टिकला, तपशील बदलले. स्पिट्सबर्गन आणि ग्रीनलंडसारख्या गोठलेल्या प्रदेशांतून स्विस शास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेअर यांनी अभ्यासलेल्या जीवाश्मांत समशीतोष्ण झाडांची पाने निघाली. त्यांत मेपलही होता. ग्रे यांनी स्वतःच मग आपली कालगणना हिमयुगाच्या बरीच मागे नेली. १८७२ मध्ये सिक्वोया वृक्षांवरील व्याख्यानात ही सुधारणा त्यांनी जाहीरपणे मांडली. आज डीएनएच्या अभ्यासातून दिसते, की या जोड्यांची ताटातूट एकाच वेळी झालेली नाही. बेरिंगचा भूसेतू वारंवार उघडला, बुडाला, आणि निरनिराळे वंश लाखो, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने वेगळे झाले. सारख्या दिसणाऱ्या जोड्यांपैकी काही खरोखर सख्ख्या भावंडांसारख्या निघाल्या, तर काहींचे जवळचे नातलग भलतेच ठरले.

पानांवरून न दिसणारे भेदही आता दिसू लागले आहेत. मेपलच्या पेशीत साधारणतः २६ गुणसूत्रे असतात. सिल्व्हर मेपलमध्ये ती ५२ आहेत. रेड मेपलमध्ये तर झाडागणिक ७८, ९१ किंवा १०४ अशी निरनिराळी संख्या आढळते. बाहेरून एकच जात म्हणून मिरविणाऱ्या झाडांच्या पोटात एवढी विविधता दडलेली असते. रेड आणि सिल्व्हर या दोन जातींचा संकरही होतो. ग्रे यांच्याजवळ भिंग आणि नजर एवढीच साधने होती; तरीही केवळ साम्यावर विसंबता येत नाही, वंश पाहिला पाहिजे, हे त्यांचे सूत्र या साऱ्याच्या मुळाशी आहे.

नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत त्याची चोरटी आवृत्ती निघण्याची भीती होती. ग्रे यांनी न्यूयॉर्कच्या अॅपल्टन कंपनीशी बोलणी करून अधिकृत आवृत्ती काढविली आणि लेखकाला मानधनही मिळवून दिले. १८६० च्या मार्चमध्ये त्यांनी या ग्रंथाचे सविस्तर परीक्षण लिहिले, मग अटलांटिक मासिकात तीन लेख लिहिले. ते डार्विनला इतके आवडले, की त्याने ते पुस्तिकेच्या रूपाने इंग्लंडमध्ये वाटले. ग्रे यांची भूमिका वकिलाची नव्हती. सिद्धान्तात काय सिद्ध झाले आणि काय अद्याप व्हायचे आहे, हे ते चोखपणे वेगळे करीत. म्हणूनच त्यांच्या पाठिंब्याला वजन होते.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे कधीच पटले नाही. नैसर्गिक निवड मान्य करूनही ईश्वराची योजना मानता येते, असे ग्रे यांना वाटे. ज्या लहान लहान फरकांतून निवड होते, ते फरक हितकारक दिशेने घडविले जात असावेत, अशी त्यांची सूचना होती. डार्विनने ती नाकारली. इमारत बांधणारा ओबडधोबड दगडांतून हवे ते निवडतो. म्हणून ते दगड त्याच्यासाठीच तसे फुटले असे म्हणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. विज्ञानाच्या कसोटीवर डार्विनची बाजू बरोबर ठरली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ग्रे यांनी आपली श्रद्धा पुराव्यांच्या आड कधी येऊ दिली नाही, हेही तितकेच खरे. मतभेद असूनही स्नेह आटला नाही. १८७७ मध्ये डार्विनने फुलांच्या प्रकारांवरील आपला ग्रंथ ग्रे यांना अर्पण केला.

त्याच १८७७ च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातील एका औषधी वनस्पतींच्या व्यापाऱ्याच्या किशोरवयीन मुलाला नदीकाठी एक अनोळखी वनस्पती फुललेली आढळली. हिंडत फिरत तिचा नमुना पुढल्या वर्षी ग्रे यांच्या टेबलावर आला. ती शॉर्टिया होती! पॅरिसमधील त्या कागदानंतर जवळपास चाळीस वर्षांनी. ग्रे यांचा आनंद गगनात मावेना. १८७९ मध्ये ते पत्नीसह आणि चार्ल्स सार्जंट यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ती जागा पाहण्यासाठी गेले. योगायोग असा, की या मधल्या काळात रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ माक्सिमोविच यांनी शॉर्टियाची सख्खी बहीण म्हणावी अशी वनस्पती जपानमधून नोंदविली होती. ज्या फुलाचा ध्यास ग्रे यांनी तरुणपणी घेतला, तेच त्यांच्या सिद्धान्ताचे उदाहरण ठरले.

संग्रहाची व्यवस्था त्यांनी आधीच लावून ठेवली होती. १८६४ मध्ये सुमारे दोन लाख नमुने आणि २,२०० ग्रंथ त्यांनी हार्वर्डला देऊन टाकले. अट एकच, की त्यांसाठी आगीपासून सुरक्षित इमारत हवी. लाकडी घरातील संग्रहाची धास्ती त्यांना कायम असे. १८७७ मध्ये हूकर अमेरिकेत आले. दार्जिलिंग-सिक्कीमच्या जंगलांत हिंडलेल्या आणि हिमालयातील मेपलना नावे देणाऱ्या या मित्रासोबत ग्रे यांनी सदुसष्टाव्या वर्षी रॉकी पर्वत आणि कॅलिफोर्निया पालथा घातला.

१८८५ मध्ये त्यांच्या पंचाहत्तरीला अमेरिकेतील १८० वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना चांदीचा एक चषक भेट दिला. त्यावर कोरलेल्या वनस्पतींत शॉर्टियाही होती. पुढल्याच वर्षी सार्जंट यांना ती कॅरोलायनाच्या डोंगरांत दुसऱ्या ठिकाणी सापडली आणि मिशोंनी तिचा पहिला नमुना ज्या परिसरातून नेला होता तो हाच असावा, हे स्पष्ट झाले. वेगळ्या ठिकाणी शोधत राहिल्यामुळेच ग्रे यांना ती इतकी वर्षे हुलकावणी देत होती.

१८८७ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि एडिंबरो या तिन्ही विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. तेथून परतल्यावर ते पुन्हा उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिग्रंथाच्या कामाला बसले. २८ नोव्हेंबर रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १८८८ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. हाती घेतलेला ग्रंथ अपुराच राहिला.

ब्लॅक मेपलचा निकालही अजून लागलेला नाही. काही ग्रंथ त्याला स्वतंत्र जात मानतात, काही शुगर मेपलची उपजात. दक्षिणेकडे तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. मेक्सिको आणि ग्वाटेमाला येथील ढगांच्या उंच जंगलांत शुगर मेपलच्या भावकीतील झाडांचे तुटक तुटक समूह आहेत. उत्तरेतील जंगलांपासून शेकडो मैल दूर, थंड काळात पसरून मागे राहिलेले. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील असा एक समूह आधी जुन्याच नावाखाली मोजला जात होता; २०१७ मध्ये तो नवी जात म्हणून प्रसिद्ध झाला. झाडे थोडी, जंगल आक्रसत चाललेले. जात वेगळी की तीच, यावर त्यांच्या संरक्षणाचा कायदेशीर दर्जाही अवलंबून राहतो. ग्रे यांचा संग्रह आजही हार्वर्डमध्ये त्यांच्याच नावाने आहे आणि कोणत्या नावाखाली नेमके कोणते झाड अभिप्रेत आहे हे ठरविण्यासाठी अभ्यासकांना अजूनही तेथील पिवळ्या पडलेल्या कागदांकडे वळावे लागते.